माटोळी बाजारातली, परस पेव्हरखाली

२०२२ सालची चवथ दोन दिवसांवर आली होती आणि मी फोंड्याला माटोळीच्या बाजारात हातात यादी घेऊन उभा होतो. यादी बायकोने केलेली. कांगल्यो, घागऱ्यो, माट्टीची फळं, कवंडळं, सुपारीचा घोस, नारळाची पेंड, केळ्यांचा घड, तोरंजन, निरफणस, आंबाडे, चिबूड, तवशें, दोडकी, हळदीची पानं. सत्तरीतून, सांग्यातून आलेल्या बायका पहाटेपासून रस्त्याच्या कडेला पोती उलगडून बसलेल्या. वरून पावसाची बारीक सर. आंबाडे, निरफणस आणि हळदीची पानं मी एकाच म्हाताऱ्या बाईकडून घेतली आणि भाव करताना जरा जास्तच ताणलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या गाडीच्या चावीकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाबा, तुमगेर जागो ना?"

तुमच्याकडे जागा नाही का. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं असणार की हा पणजीतल्या नाहीतर मडगावातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस आहे. नाहीतर हळदीची पानं पैसे देऊन कोण घेईल? मी "ना" म्हटलं, पैसे दिले आणि निघालो.

खोटं बोललो. जागा आहे. फोंडा तालुक्यातल्या गावात वडिलोपार्जित घर आहे, पुढे अंगण, मागे परस, बाजूला विहीर. फक्त त्या परसावर २०१२ पासून पेव्हर बसवलेले होते.

मी जे पुढे लिहिणार आहे ते वाचून काही मित्र रागावतील. रागवा. पण आधी मागच्या दाराने बाहेर जाऊन आपलं परस बघून या.

माटोळी म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. माटोळी कशासाठी असते हे मात्र आता एकमेकांना विचारायची वेळ आली आहे, कारण आपण ती सजावट समजायला लागलो आहोत. मखराला जसे दिवे, तशी गणपतीच्या डोक्यावर माटोळी. माझ्या आईच्या लेखी तो हिशेब होता. वर्षभर परसात काय पेरलं, काय जगलं, पावसाने काय दिलं, शेजाऱ्याकडे काय जास्त झालं, हे सगळं त्या लाकडी चौकटीला टांगलेलं असायचं. तिचा क्रम ठरलेला. आधी आपल्या परसातलं, मग वाड्यावरचं, मग रानातलं, आणि यातलं काही मिळालंच नाही तर बाजारातलं. आमच्याकडे तोरंजनाचं झाड होतं, शेजारच्या काकीकडे निरफणस. चवथीच्या आदल्या दिवशी कुंपणावरून तोरंजनं तिकडे जायची आणि निरफणस इकडे यायचे. कोणी कोणाला भाव विचारला नाही. रानातल्या वस्तू आणायला वडील जायचे, आणि कांगल्याचे घोस तोडताना वेल हिसडायचा नाही, पुढच्या वर्षीही ती तिथेच असली पाहिजे, हे ते आम्हा मुलांना दरवर्षी नव्याने बजावायचे. कांगल्यो म्हणजे मालकांगोणी. तिच्या बियांचं तेल सांध्यांना चोळायला घरात असे. माट्टी तर आपला राज्यवृक्ष, पण मला वाटतं निम्म्या गोव्याला तिचं पंख असलेलं फळ फक्त माटोळीत दिसतं, झाडावर कधीच नाही.

विसर्जनानंतर माटोळी उतरवली की ती खाल्ली जायची. आंबाड्यांचं सासव, तवशाची तवसोळी, दोडक्यांची भाजी. एक मोठं तवशें आणि एक दोन दोडकी मात्र आई बाजूला काढायची. ती चुलीच्या वर, धुरात लटकत राहायची. ते पुढच्या वर्षीचं बी. पिकलेल्या तवशाचं बी धुऊन, राखेत घोळवून ती स्वयंपाकघराच्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर चिकटवून ठेवायची. माटोळीची चौकट आणि ती भिंत मिळून आमच्या घरातली बियाण्यांची बँक होती, एवढंच की असलं भारदस्त नाव तिला माहीत नव्हतं.

आता आमच्याकडे आजकाल काय चालतं ते बघा. मी स्वतः डोळ्यांनी बघितलेल्या माटोळ्यांत परदेशी सफरचंदं आहेत, किवी आहेत, एका घरी तर प्लॅस्टिकची द्राक्षं होती, "कुसत नात मरे" असं कौतुकही झालं. बाजारात एका माटोळीचं सगळं सामान एकत्र बांधून मिळतं. नावं माहीत नसली तरी चालतं. आणि या सगळ्याच्या वर स्पर्धा. सरकारची स्पर्धा, गावाची स्पर्धा, मंडळाची स्पर्धा. स्पर्धेतल्या माटोळीत शेकडो जिन्नस टांगतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. स्पर्धेमुळे काही तरुण मुलं रानात जायला लागली, जुन्या माणसांना विचारून झाडांची नावं शिकली, हे मी मान्य करतो. त्यांच्यातल्या काहींचं वनस्पतींचं ज्ञान बघून मला माझीच लाज वाटली आहे. पण आकड्याला बक्षीस दिलं की माणूस आकडा वाढवणार. मग एका फळासाठी अख्खी फांदी तोडली जाते, आणि दुर्मीळ म्हणून जी वेल वाचवायची, तीच दुर्मीळ म्हणून मुळापासून ओरबाडली जाते. माझी सूचना साधी आहे. गुण द्यायचेच असतील तर टांगलेल्या वस्तूंना देऊ नका. यातल्या किती तुम्ही लावल्यात, किती तुमच्या वाड्यावरच्या, आणि गेल्या वर्षीच्या बियांपासून किती आल्या, एवढं विचारून गुण द्या. बघू किती जण स्पर्धेत उतरतात.

बाजारातून घेऊच नका असं मी म्हणत नाही, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर कोणीतरी लगेच विचारणार की त्या सत्तरीच्या बायकांच्या पोटावर पाय देता काय. त्यांचा तो वर्षातला एक मोठा हंगाम. ज्याला जागा नाही त्याने त्यांच्याकडून खुशाल घ्यावं, आणि भाव न करता घ्यावं. माझं भांडण फ्लॅटवाल्याशी नाही. ज्याच्या घरामागे शंभर-दीडशे चौरस मीटर माती आहे आणि ज्याने ती स्वतःच्या पैशाने बुजवली आहे, त्याच्याशी आहे. म्हणजे माझ्याशी, आणि माझ्यासारख्या फार फार लोकांशी.

पेव्हर का घातले? कारण चिखल होत होता. नवी गाडी घेतली होती आणि ती वळवायला जागा हवी होती. चवथीला पाहुणे यायचे आणि त्यांच्या चपलांबरोबर माती घरात यायची. गावात चार घरांनी घातले होते आणि त्यांची घरं 'स्वच्छ' दिसत होती. ज्यांच्याकडे आणखी पैसे होते त्यांनी लॉन घातलं. ते हिरवं असल्यामुळे त्यांना आपण निसर्गप्रेमी आहोत असंही वाटतं. ठेकेदाराने तीन दिवसांत काम संपवलं. अळवाचा ताटवा, हळद, मिरच्यांची रोपं, वालाचा मांडव, मशिंगाचं झाड, सगळं एका टेंपोतून गेलं. आई विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होती. तिने हळदीचे थोडे कंद तेवढे उचलून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मागीर पावस खंय वचतलो रे?" मग पाऊस कुठे जाईल? गटारात जाईल, मी म्हटलं. म्हातारं माणूस काहीतरी बोलतं, असं समजून मी ते सोडून दिलं.

त्या प्रश्नाचं गणित मी सात वर्षांनी केलं. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या विहिरीने तळ गाठला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा टँकर मागवावा लागला. टँकरवाला पाणी ओतत असताना मी पेव्हरवर उभा राहून तोंडी हिशेब घातला. परस साधारण १२० चौरस मीटर. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे तीन मीटर. म्हणजे ३६० घनमीटर पाणी, ३ लाख ६० हजार लिटर. सगळं मुरलं नसतं, बरंचसं वाहून गेलं असतं, काही वाफ होऊन गेलं असतं. चौथा हिस्सा मुरला असता तरी ९० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर नऊ टँकर. मी दरवर्षी नऊ टँकर पाणी सिमेंटवरून गटारात सोडत होतो आणि मे महिन्यात एक टँकर विकत घेत होतो. आई त्याआधी, २०१८ मध्ये गेली. तिला हे गणित सांगायचं राहिलं, पण तिला ते सांगायची गरज होती असं मला वाटत नाही.

मग २०२० चा मार्च. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूनंतर गोव्यात काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा बंद होती, हे आपण किती लवकर विसरलो! घाटावरून येणारी भाजी अडली. चोर्ला आणि अनमोड या दोन घाटांवर आपली चूल टांगलेली आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आमच्या घरात तांदूळ होते, डाळ होती, आणि हिरवं म्हणाल तर फ्रिजमध्ये सुकत चाललेली अर्धी कोबी. मार्च अखेर म्हणजे खरं तर तांबड्या भाजीचे आणि मळ्यातल्या अळसांद्यांचे दिवस. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकीने कुंपणावरून तांबड्या भाजीची जुडी आणि मूठभर मिरच्या दिल्या. तिच्या परसात अजून माती होती. मी बदल्यात काय द्यावं? तोरंजनाचं झाड पेव्हरच्या वेळी गेलेलं. मी तिला बिस्किटांचा पुडा दिला. ती हसली आणि तिने तो घेतला. ती जुडी आणि तो पुडा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

असं असूनही आपला अभिमान मात्र कमी होत नाही. २०२० मध्ये खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये आगशीच्या वांग्यांना मिळालं, सात शिरांच्या भेंड्याला मिळालं, मानकुरादला मिळालं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. त्या रात्री माझ्या ताटात भेंडीची भाजी होती. मी मुद्दाम पिशवीतली उरलेली भेंडी काढून शिरा मोजल्या. पाच. बेळगावहून आलेली. बेळगावच्या शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही, तो नसता तर आपण उपाशी राहिलो असतो. मला एवढंच विचारायचं आहे की त्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातल्या किती जणांनी या सात शिरांच्या भेंड्याचं बी कधी हातात घेतलं आहे?

याच ग्रुपवर एका मित्राने मशिंगाच्या पानांची पावडर मागवल्याचं सांगितलं. डबी पाचशे रुपयांची, त्यावर 'मोरिंगा' असं लिहिलेलं आणि गुणांची लांबलचक यादी. या मित्राच्या अंगणातलं मशिंगाचं झाड त्याने सुरवंट होतात म्हणून तोडलं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे अष्टमीला मशिंगाच्या पानांची भाजी होतेच. मी पेव्हर घातल्यापासून ती पानंही विकत आणत होतो, त्यामुळे मला हसायचा काही अधिकार नव्हता. तरी हसलो.

जमिनीच्या रूपांतराबद्दल आपण सगळे तावातावाने बोलतो. बोललंच पाहिजे. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं तेव्हापासून शेतं, डोंगर, बागायती कशा रंग बदलताहेत हे गोव्यात सर्वांनी बघितलं आहे आणि त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांच्या मागे मी आहे. पण माझ्या परसाचं रूपांतर करायला कोणतंही कलम लागलं नाही. मंत्री लागला नाही, दिल्लीचा बिल्डर लागला नाही. मी रविवारी सकाळी ठेकेदाराला फोन केला एवढंच. गावागावांतून अशा परसांची बेरीज केली तर ती किती भरेल याचा विचार सभेत कोणी करत नाही, कारण सभेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी पेव्हर आहेत. २०१६ मध्ये कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड वगळला तेव्हा आपण केवढे चिडलो होतो! चिडलो ते बरोबरच होतं. पण परसातला माड गाडीच्या टपावर नारळ पडतो म्हणून तोडणारे आपणच की.

आता आक्षेप. मी ते सगळे स्वतःच स्वतःला घातलेले असल्यामुळे मला पाठ आहेत.

वेळ नाही. यावर मी काही बोलणार नाही. पेव्हरवरचं शेवाळ पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून घासणारा माणूस वेळ नाही म्हणतो तेव्हा त्याने स्वतःशीच बोलावं.

माकडं. हा आक्षेप खरा आहे आणि जे शहरात बसून तो उडवून लावतात त्यांना परस म्हणजे काय ते माहीत नाही. केळीचा घड, पपई, भेंडी, वाल, काही म्हणजे काही ठेवत नाहीत. गावातल्या बागायतदारांचं कंबरडं माकडांनी आणि रानडुकरांनी मोडलं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र माझ्या परसात मी बघितलं आहे की हळदीला त्यांनी अजून हात लावलेला नाही, अळूला आणि सुरणालाही नाही. तेव्हा सुरुवात तिथून करावी.

साप. तेही खरं. बूट घालावेत.

चौथा आक्षेप बायकोचा, आणि तो मी इथे मांडला नाही तर हा लेख खोटा ठरेल. बाजारातून परत आल्यावर मी तिला ती म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं आणि पेव्हर काढूया असं म्हटलं. ती नोकरी करते. सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. ती म्हणाली, "तुला परस पाहिजे असेल तर तू कर. आईंनी जे केलं ते मी करणार नाही." मी म्हटलं, आईने ते आवडीने केलं. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं? तू विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. आठवतं ते असं की आई पहाटे परसात असायची आणि आम्ही उठायच्या आत आत यायची. पाणी ती शिंपायची, घागरीने. निंदण ती करायची. बी ती राखायची. वडील माटोळीचं सामान आणायला वर्षातून एकदा रानात जायचे आणि त्याची गोष्ट वर्षभर सांगायचे. आमच्या मराठीत, आणि कोकणीतही, परसाच्या आठवणींचे लेख मी ढीगभर वाचले आहेत. पाटाचं पाणी, आईच्या हातची खतखत्याची चव, अळवाच्या पानावरचे थेंब. बहुतेक सगळे पुरुषांनी लिहिलेले. त्यांच्यात कोणाच्या हातात कोयती किंवा खुरपं दिसत नाही. सगळ्यांच्या हातात ताट. ही हळहळ मला आता सहन होत नाही. परंपरा नष्ट झाली म्हणून रडणाऱ्या पुरुषांनी आधी सांगावं की ती टिकवायला ते सकाळी किती वाजता उठणार आहेत. परस जगवायचं म्हणजे बायकांना पुन्हा त्या घागरीकडे पाठवायचं असेल तर त्यापेक्षा पेव्हर परवडले, असं मी सुद्धा म्हणेन.

तेव्हा २०२३ च्या मे महिन्यात मी पेव्हर काढले ते माझ्या जबाबदारीवर. सगळे नाही. गाडीपुरते ठेवले आहेत. मी काही संत झालेलो नाही. विहिरीच्या बाजूची अर्धी जागा मोकळी केली. काढायला आलेल्या कामगारांना वाटलं की खाली पाईप फुटला असेल. पाईप नाही हे कळल्यावर ते एकमेकांकडे बघून हसले. पेव्हरखाली खडी आणि वाळूचा थर, त्याखालची माती दगडासारखी दाबलेली, गांडूळ एकही नाही. पहिला पाऊस पडला आणि दहा दिवसांत तिथे आपोआप काय उगवलं असेल? टाकळा. आपला तायकिळो. कोणी पेरला नव्हता. अकरा वर्षं सिमेंटखाली बी पडून होतं की वाऱ्यापाण्याबरोबर आलं, कोण जाणे. कोवळा होता तोवर खुडून, नारळ घालून भाजी केली. मीच केली, करपली थोडी.

आईच्या मागे स्वयंपाकघरातल्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात मला तीन पुरचुंड्या सापडल्या होत्या. २०१२ मध्ये पेव्हरबरोबर आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीही रंगवल्या, त्यामुळे बी चिकटवायला भिंत राहिली नव्हती. तेव्हापासून ती कापडात बांधून ठेवत होती. दरवर्षी काकीच्या परसात चार बिया लावून ती बी नवं करत होती, हे मला नंतर काकीने सांगितलं. आमच्याच घरात राहून मला ते माहीत नव्हतं. पुरचुंड्यांवर नाव नाही, तिला गाठीवरून कळत असेल. एक तवशाची, ते बी ओळखता येतं. दुसरी अळसांद्यांची, पण उघडली तर आत नुसतं पीठ आणि मेलेले भुंगे. तिसरीतलं बी बारीक, काळपट. मी काकीला दाखवलं. तिने हातावर घेऊन बराच वेळ बघितलं, वास घेतला, आणि नाही म्हणाली.

तवशाच्या चौदा बिया लावल्या. दोन उगवल्या. एक रोप गोगलगाईंनी एका रात्रीत संपवलं. दुसऱ्याला तीन तवशीं लागली. तिसऱ्या पुरचुंडीतलं काही उगवलंच नाही. ते कशाचं बी होतं हे आता या जगात कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित साधी माठाची भाजी असेल, कुठेही मिळणारी. कदाचित नसेल. आईच्या माहेरी विचारून बघितलं. मामेभावाने परसाचा फोटो पाठवला, लाल आणि करडे पेव्हर, नक्षीचे.

त्या वर्षी माटोळीला मी घरचं तेवढंच टांगलं. एक तवशें, हळदीचा पानांसकट कंद, अळूची मुंडली, काकीकडचा निरफणस, आणि सुपारीचा एक घोस, तोही काकीच्या भावाच्या कुळागरातला. नारळ आमचा. मोठ्या चौकटीवर ते सामान हास्यास्पद दिसत होतं. दर्शनाला आलेल्या एका नातलगाने वर बघून "माटोळी रिकामी दिसता" म्हटलं, आणि बायको आतून पटकन म्हणाली, "रिकामी ना, घरची." मला तिचा एवढा आधार अपेक्षित नव्हता. खुरपं तिने अजूनही हातात घेतलेलं नाही, आणि मी म्हणणारही नाही.

बाकीच्या दोन तवशांपैकी एकाची तवसोळी झाली. एक चुलीवर टांगायचं, तर चूल नाही. गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगलं, अर्धं कुसलं, उरलेल्यातून चाळीसेक चांगल्या बिया निघाल्या. त्यानंतरच्या दोन चवथींना घरची तवशीं होती. विहिरीबद्दल अजून काही सांगण्यासारखं नाही, अर्ध्या परसाने किती फरक पडणार आणि पाऊसही दरवर्षी सारखा नसतो. टँकर मात्र नंतर मागवावा लागलेला नाही.

आईच्या तेलाच्या डब्यातली हळद आता ओळीने लागली आहे आणि जरुरीपेक्षा जास्त झाली आहे. मे अखेरीला, पहिल्या पावसाच्या आधी, कंद काढून वाटणार आहे. तवशाचं बी प्रत्येकी चार मिळेल, जास्त नाही. पुढच्या वर्षी चार परत द्यायचं. ज्यांना पाहिजे त्यांनी कळवावं आणि पिशवी घरून आणावी. कोणाकडे अळसांद्यांचं जुनं, घरचं बी असेल तर मला हवं आहे. आणि कोणाच्या घरी ऐंशीच्या पुढची एखादी आजी असेल, तर तिसऱ्या पुरचुंडीतलं थोडं बी मी अजून ठेवलं आहे. घेऊन येतो, तिला दाखवू.